संकेतस्थळाची शाकारणी : चर्चच्या उदाहरणावरून एक अभ्यास

आज बहुतेक सामाजिक व धार्मिक संस्थांची स्वतःची संकेतस्थळे, म्हणजेच वेबसाईट, आहेत. संकेतस्थळ सुरू होते तेव्हा समारंभ होतो, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबली जाते, टाळ्या वाजतात. पुढे दोन-तीन वर्षांत तिकडे कोणी फिरकेनासे होते. मग एखाद्या सर्वसाधारण सभेत एक सभासद उठून म्हणतो, "आपली वेबसाईट अगदीच जुनाट दिसते, नवीन करून घ्या." दरपत्रके मागवली जातात, वर्गणीतला पैसा खर्ची पडतो, नवीन संकेतस्थळ उभे राहते, आणि आणखी तीन वर्षांनी त्याचीही तीच गत होते.

याचे कारण असे की, जुना झालेला असतो तो बहुधा मजकूर. संकेतस्थळाचे रूप नव्हे. रूप बदलून मजकूर ताजा होत नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी आपण घर पाडून नवे बांधत नाही. कौले परततो, फुटकी असतील ती बदलतो, पन्हळ साफ करतो आणि मिरगाची वाट पाहतो. संकेतस्थळालाही अशी शाकारणी लागते. ती कमी खर्चात, संस्थेतल्याच विद्यार्थ्यांच्या व सभासदांच्या हातून कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरण म्हणून चर्चचे संकेतस्थळ घेतले आहे. याला दोन कारणे आहेत. चर्चचे कामकाज आठवड्याच्या ठरावीक वेळापत्रकावर चालते, त्यामुळे मजकूर शिळा कसा होतो हे तेथे स्पष्ट दिसते. दुसरे कारण व्यावहारिक आहे. आपल्याच संस्थेचे उदाहरण घेतले की चर्चा संकेतस्थळाची न राहता कार्यकारिणीची होते! विहार, वाचनालय, पतपेढी अशा कोणत्याही संस्थेला पुढील बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

रोमचा दाखला

या बाबतीत व्हॅटिकनचे उदाहरण बोलके आहे. कॅथलिक चर्चच्या या मुख्य पीठाचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या नाताळ संदेशासह सुरू झाले. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते.) सिस्टर ज्युडिथ झोबेलाइन या अमेरिकन फ्रान्सिस्कन जोगिणीने त्या कामात पुढाकार घेतला. संगणकांना राफाएल, मायकेल आणि गॅब्रिएल या देवदूतांची नावे दिली होती. पानांची पार्श्वभूमी जुन्या चर्मपत्रासारखी पिवळसर होती. ती फारशी देखणी होती असे म्हणवत नाही, पण वीस वर्षांहून अधिक काळ ती तशीच ठेवली गेली. बदलत राहिला तो आतला ऐवज : नवी पत्रके, नवी भाषणे, अधिकाधिक भाषा. पैशाची चणचण नसलेल्या पीठानेही घर पाडले नाही, कौले परतली. आपल्या जिल्ह्यातल्या लहान संस्थेने दर तीन वर्षांनी नवे घर का बांधावे?

येणारा कशासाठी येतो

प्रथम एक कागद घ्यावा आणि संकेतस्थळावर कोण येते, कशासाठी येते, हे लिहून काढावे. चर्चच्या बाबतीत यादी लहानच होते. रविवारची मिस्सा किंवा उपासना किती वाजता? मराठीत केव्हा, कोकणीत केव्हा, इंग्रजीत केव्हा? चर्च नेमके कोठे आहे, बसस्थानकावरून कसे जायचे? बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे, कोणाला आणि कोणत्या वेळी भेटायचे? लग्नाची नोंद किती आधी द्यावी लागते? सण केव्हा आहे?

आता संकेतस्थळ उघडून यांपैकी किती उत्तरे पहिल्याच पानावर, बोट न सरकवता, मिळतात ते पाहावे. बहुधा पहिल्या पानावर इमारतीचे मोठे छायाचित्र, एक सुविचार व अध्यक्षांचे मनोगत असते आणि वेळापत्रक "आमच्याविषयी" या सदराच्या तिसऱ्या पानावर लपलेले असते. मनोगताची जागा आणि वेळापत्रकाची जागा यांची अदलाबदल करावी. यास पैसा लागत नाही, रंगरूपही बदलत नाही. अध्यक्षांची समजूत तेवढी काढावी लागते.

यानंतर तारखा. सूचना लिहिताना वर्ष न घालणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. सूचनाफलकावर ते चालते, कारण फलकावरचा कागद महिन्याभरात निघतो. संकेतस्थळावरचा कागद कोणी काढत नाही. "ईस्टर २० एप्रिल" एवढेच लिहिलेले असेल तर ते २०२५ सालचे आहे हे वाचणाऱ्याला कसे कळावे? २१ मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ईस्टरचा स्थूल हिशेब असल्याने तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान सरकत राहतो. २०२६ साली तो ५ एप्रिलला, तर २०२७ साली २८ मार्चला येतो. पौर्णिमेचा हिशेब आपल्यालाही नवा नाही. उलट बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेसारख्या सणाला ८ सप्टेंबर ही तारीख पक्की, पण जत्रा सुरू होते ती त्यानंतरच्या रविवारी. म्हणून प्रत्येक तारखेपुढे वार आणि वर्ष, दोन्ही लिहावीत. एवढा एक नियम पाळला तरी अर्धे संकेतस्थळ ताजे वाटू लागते.

होऊन गेलेल्या कार्यक्रमांच्या सूचना पहिल्या पानावरून काढाव्यात, पण पुसून टाकू नयेत. त्या वर्षवार "मागील वृत्त" म्हणून ठेवाव्यात. उद्या संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याच उपयोगी पडतील. लुकलुकणारे "नवीन", डावीकडे धावणारी स्वागताची ओळ, किती जणांनी भेट दिली ते सांगणारा आकडा आणि "काम चालू आहे" असा मजूर-फावड्याचा फलक मात्र कायमचे काढून टाकावेत.

काही माहिती इतकी सावकाश बदलते की तिच्याकडे लक्षच जात नाही. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गचा धर्मप्रांत झाला आणि आपला रत्नागिरी जिल्हा त्यात गेला. अशा वेळी पत्ता, बिशपांचे नाव, दाखल्यासाठीचा अर्ज, सारेच बदलते. शहरांची नावेही बदलतात : अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. पत्त्यात नवे नाव घालावे, परंतु इतिहासाच्या पानावर जुने नाव ठेवून सोबत नवे द्यावे. शोधणारा दोन्ही नावांनी शोधतो.

अक्षरांचा प्रश्न

आता ज्या बाबीला सर्वाधिक वेळ द्यावा, तिच्याकडे वळू. मराठी संकेतस्थळांपुरता हा प्रश्न रंगरूपापेक्षा शतपट महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

संगणकावर मराठी छापण्यासाठी पूर्वी जे फाँट वापरले जात, त्यांत एक युक्ती होती. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असे. पडद्यावर दिसे "नारायण", पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांगच असे. तो फाँट ज्याच्या संगणकावर नाही, त्याला ती रांगच दिसे. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर "प्रथम आमचा फाँट उतरवून घ्या" अशी सूचना असे, ते अनेकांना आठवत असेल. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रमाणात जगातील लिप्यांतील अक्षरांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक देण्यास सुरुवात झाली. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखला गेला. त्याची मांडणी भारतात तयार झालेल्या इस्की या प्रमाणावर बेतलेली होती. युनिकोडमधला "क" हा कोणत्याही फोनवर, कोणत्याही फाँटात "क"च राहतो. म्हणूनच तो शोधता येतो, नक्कल करून दुसरीकडे नेता येतो आणि अंध वाचकाला यंत्राकडून ऐकताही येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया उभा राहू शकला तो याच पायावर.

यात काय पणाला लागलेले आहे ते एका उदाहरणाने पाहू. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली, आणि १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरच्या काळात केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हे घर महाराष्ट्राला परिचित आहे. आता समजा, नगरच्या एखाद्या चर्चने वीस वर्षांपूर्वी टिळकांच्या स्थानिक आठवणी वृद्ध सभासदांकडून गोळा करून जुन्या फाँटात संकेतस्थळावर ठेवल्या. सांगणारी माणसे आज नाहीत. एखादी विद्यार्थिनी प्रबंधासाठी मराठीत "नारायण वामन टिळक" असे शोधते. ते पान जगात आहे, चालू आहे, पण तिला ते कधीच सापडणार नाही. कारण त्या पानावर संगणकाच्या दृष्टीने "टिळक" हा शब्दच नाही. अशा पानाला कितीही सुंदर नवे रूप दिले तरी फरक पडत नाही. उलट नवे संकेतस्थळ बांधणारा कारागीर "हा कचरा दिसतो" म्हणून ते पान वगळून टाकतो आणि आठवणी कायमच्या जातात. आपल्या चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती जुन्या फाँटात पडून असतील तर त्यांच्यावरही हीच वेळ आहे.

यावर उपाय अवघड नाही, वेळखाऊ आहे. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक विनामूल्य मिळतात. परंतु परिवर्तकाने बदललेला मजकूर तसाच छापू नये. जुन्या फाँटात टंकलेखन यंत्राप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट : "धर्म" मधला र युनिकोडमध्ये म च्या आधी येतो, जुन्या पद्धतीत तो मागून दिला जाई. ही उलटापालट करताना परिवर्तक चुकतो. जोडाक्षरे तुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगर यांचे अंतर आहे. यंत्राला ते कळत नाही, वाचणाऱ्यालाच कळते.

म्हणून छापखान्यातली जुनी रीत वापरावी. दोघांनी बसावे. एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासावे. माणसांची नावे, गावांची नावे आणि सनावळ्या यांची तपासणी दोनदा करावी. दर रविवारी चार पाने धरली तरी वर्षाला दोनशे पाने होतात. संस्थेच्या वसतिगृहातील किंवा अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांना हे काम द्यावे आणि योग्य मानधनही द्यावे, फुकट राबवू नये. मूळ मजकूर केवळ छापील अहवालात असेल तर तो फोनसमोर स्पष्ट वाचून बोलीवरून टंकित करता येतो. पुढचे शुद्धलेखन मात्र हातानेच. आणि परिपत्रकाचे नुसते छायाचित्र लावले असेल तर त्याखाली त्यातला मजकूर टंकून ठेवावा, कारण चित्रातली अक्षरे शोधणाऱ्याच्या हाती लागतीलच असे नाही.

छायाचित्रे आणि वाचनीयता

संकेतस्थळ उघडायला उशीर का होतो, याचे उत्तर बहुतेक वेळा छायाचित्रे हेच असते. हल्लीच्या फोनवर काढलेले एक छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते. सणाची दहा छायाचित्रे तशीच चढवली तर पन्नास एमबी झाले. शहरात ते चालून जाईल, पण घाटाखालच्या वाडीत अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून रेंज पकडणाऱ्या माणसाने काय करावे? बाराशे पिक्सेल रुंदीपर्यंत लहान केलेले छायाचित्र साधारण दोनशे केबीत बसते आणि पडद्यावर तितकेच चांगले दिसते. म्हणजे पन्नास एमबीचे काम दोन एमबीत झाले. प्रत्येक चित्राखाली कोण, कोठे, केव्हा, हे तीन शब्द तरी असावेत. मंचावरील सत्काराची एकसारखी चाळीस चित्रे ठेवण्यापेक्षा नावांसह चार ठेवणे बरे. लहान मुलांची चित्रे पालकांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

जुने संकेतस्थळ फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसते, कारण ते टेबलावरच्या संगणकासाठी केलेले असते. साधी पाने असतील तर पानाच्या शिरोभागात व्ह्यूपोर्ट नावाची एक ओळ घातली आणि चित्रांची रुंदी पडद्याच्या बाहेर जाऊ नये असा एक नियम लिहिला की बराच फरक पडतो. तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक शिकणारा कोणताही विद्यार्थी हे करू शकेल. अक्षर मोठे करावे, आणि दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने दाट ओळी डोळ्यांना टोचतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हा फाँट विनामूल्य आहे आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असतील तर पांढऱ्यावर काळी करावीत. एवढ्याने म्हाताऱ्या माणसांचे आशीर्वाद मिळतील.

कुलूप आणि खाते क्रमांक

जुलै २०१८ पासून गूगलच्या क्रोममध्ये, सुरक्षित जोडणी नसलेल्या संकेतस्थळापुढे "असुरक्षित" असा शेरा दिसू लागला. तो पाहून देणगीदार माघारी फिरतो. या जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते; आपली जागा ज्या कंपनीकडे आहे तिला विचारल्यास बहुधा ते बसवून मिळते. फ्लॅशमध्ये केलेली हलती चित्रे २०२० अखेर फ्लॅशच बंद झाल्यामुळे आता कोठेही दिसत नाहीत. त्यांच्या जागी रिकामी चौकट राहिली असेल तर ती काढावी.

बँकेत काम करणारा म्हणून पुढील गोष्ट अधिक आग्रहाने सांगतो. देणगीसाठी संकेतस्थळावर खाते क्रमांक व क्यूआर कोड दिलेला असतो. पानात शिरकाव करून कोणी तो कोड बदलला तर संकेतस्थळ पूर्वीसारखेच सुंदर दिसते; फक्त पैसा दुसरीकडे जातो, आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कोषाध्यक्षांनी आपल्या फोनवरून तो कोड उघडून पडद्यावर संस्थेचेच नाव येते का ते पाहावे आणि खाते क्रमांक पासबुकाशी आकडा-आकडा ताडून घ्यावा. यास पाच मिनिटे लागतात. सभासदांची नावे, पत्ते व फोन यांची यादी संकेतस्थळावर असेल तर ती आजच उतरवावी. पूर्वी स्मरणिकेत अशी यादी छापली जाई. तेव्हा ती पाचशे घरांत जाई, आता ती कोणाच्याही हाती पडते.

काम कोणी करायचे

आतापर्यंत सांगितलेले सर्व एकदा केले, तरी ते टिकवायला माणूस लागतो. चर्चमध्ये रविवारच्या सूचनांचा कागद दर आठवड्याला तयार होतोच. तोच कागद शनिवारी संध्याकाळी संकेतस्थळावर चढवायचा, इतके काम नेमून दिले की वेगळा मजकूर लिहावा लागत नाही. आपल्याकडे पौर्णिमेच्या कार्यक्रमाची सूचना, अभ्यासवर्गाचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख, ही पत्रके निघतातच. शिष्यवृत्तीची तारीख संकेतस्थळावर गेल्या वर्षीची राहिली तर नुकसान कोणाचे होते, हे विद्यार्थ्यांना सांगायला नको.

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी पद्धत आहे. संकेतस्थळासाठी हीच पद्धत ठेवावी : चढवणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दोघांच्या सह्यांची एक साधी शंभर पानी वही. काहीही बदलण्यापूर्वी पूर्ण संकेतस्थळाची प्रत उतरवून संस्थेच्या कपाटात वेगळ्या डिस्कवर ठेवावी. परवलीचा शब्द एकाच उत्साही तरुणाच्या डोक्यात असू नये. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की संकेतस्थळही त्याच्याबरोबर जाते. तो बंद लिफाफ्यात, मोहोर करून, सचिवांकडे द्यावा व बदलला की लिफाफाही बदलावा.

नवीन संकेतस्थळ कधीच करू नये असे नाही. ज्या आज्ञावलीवर ते उभे आहे तिला दुरुस्त्या मिळणे बंद झाले असेल, किंवा पाने उघडून बदलताच येत नसतील, तर नव्याचा विचार करावा लागेल. तेव्हासुद्धा तपासलेला युनिकोड मजकूर, नावांसह छायाचित्रे आणि वर्षवार वृत्ते हाताशी असतील तर खर्च निम्म्यावर येईल, कारण कारागिराचा वेळ मुख्यतः ती गोळा करण्यातच जातो.

राहता राहिले संकेतस्थळाचे नाव. ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. नूतनीकरण चुकले तर काही दिवसांच्या सवलतीनंतर ते नाव कोणालाही घेता येते, आणि मग संस्थेच्या नावाखाली भलत्याच जाहिराती दिसू लागतात. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे. ती कारागिराच्या किंवा एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या नावावर असेल तर संस्थेच्या नावावर करून घ्यावी, संपर्कासाठी संस्थेचाच ई-मेल द्यावा आणि मुदत संपण्याची तारीख, वर्षासह, विम्याच्या हप्त्याच्या व भाडेकराराच्या तारखांबरोबर कोषाध्यक्षांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी.